मनातला गेम: एक बंधारा, चार फड आणि एक पाटकरी

पांझराकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

गेली वीस-बावीस वर्षे मी व्हिडिओ गेम खेळतो आहे आणि पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. तरी स्वतःचा एखादा गेम करावा असे वाटायला निमित्त झाले ते एका झारीचे. स्टारड्यू व्हॅली हा २०१६ साली आलेला शेतीचा खेळ एरिक बॅरोन यांनी एकट्याने सुमारे साडेचार वर्षे खपून तयार केला, आणि तो मला मनापासून आवडतो. मात्र त्यातली झारी रिकामी झाली की जवळच्या तळ्यात बुडवावी, ती भरून येते, आणि ते तळे कधीही आटत नाही. ज्याचे आजोळ धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, फड पद्धतीने पाणी वाटून घेणाऱ्या गावात आहे, त्याला ही गोष्ट पहिल्या दिवसापासून खटकत आली आहे.

ज्यांना फड पद्धत ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर ठिकठिकाणी बंधारे घालून पाणी अडवायचे, कालव्याने ते गावाच्या रानात आणायचे, कालव्यातून चाऱ्या आणि चाऱ्यांतून सारंग काढून वावरापर्यंत पोचवायचे आणि उरलेले पाणी सांडमातून पुन्हा नदीला द्यायचे, अशी ही ३०० ते ४०० वर्षांची व्यवस्था आहे. बंधाऱ्याखालचे रान साधारणपणे चार फडांत विभागलेले असते. कोणत्या फडात काय पिकवायचे आणि कोणता फड पडीक ठेवायचा हे दरवर्षी गाव मिळून ठरवते, आणि एका फडात एकच पीक घेतले जाते. एकात ऊस असला तर इतरांत हंगामी पिके आणि एखादा विश्रांतीला. पुढच्या वर्षी हे चक्र एक घर सरकते. पाणी द्यायचे काम पाटकऱ्याचे, देखरेख हवालदाराची, उभ्या पिकाची राखण जागल्याची.

माझे आजोबा पाटकरी होते. मी आठ-नऊ वर्षांचा असताना एका रात्री हट्टाने त्यांच्याबरोबर दारे धरायला, म्हणजे एकेका वाफ्याची वाट फोडून-बुजवून पाणी द्यायला, गेलो होतो. कंदील बांधावर ठेवून ते अनवाणी वाफ्यात उतरत, टाच रुतवून पाहत, आणि टाचेचा खळगा पाण्याने भरला की खोऱ्यावर उचललेल्या एका ढेकळाने दारे बुजवून पुढच्या वाफ्याचे फोडत. आमचे वावर आले तेव्हा खळगा पुरता भरलाही नव्हता, तरी त्यांनी दारे बुजवले. मी का म्हणून विचारले, तर म्हणाले, "राहू दे, पानी आजून लांब जानं शे." (पाण्याला अजून लांब जायचे आहे.)

माझ्या गेममधला खेळाडू म्हणजे हा पाटकरी. त्याच्या हाती दोनच क्रिया आहेत, दारे फोडणे आणि दारे बुजवणे. पाणी किती मुरले हे सांगणारी निळी पट्टी किंवा टक्केवारी पडद्यावर कुठेही दिसणार नाही. टाच रुतवायची आणि खळग्याकडे पाहायचे. रात्रीच्या पाळीत कंदिलाच्या उजेडाएवढेच रान दिसेल, आणि त्यापलीकडे कोणी सारंगाला चोरून भगदाड पाडले असेल तर ते पाण्याचा आवाज बारीक झाल्यावरूनच कळेल. एक डाव चाळीस वर्षांचा असावा असे माझ्या मनात आहे. सुरुवातीला फक्त नदी आणि पाऊस. मग विहिरीवर विजेची मोटर येते. मग नदीच्या वरच्या अंगाला धरण होते, जसे पांझरेवर लाटीपाड्याला आणि कान नदीवर मालनगावला झाले. खलनायक कोणीच नाही. ज्याने मोटर बसवली त्याचेही गणित त्याच्यापुरते बरोबरच असते.

हा गेम कोणी खेळेल का, आणि त्यात खेळ कुठे आहे, हे मला अजून नीट दिसत नाही. आपणांस काय वाटते ते लिहावे.

---

खेळिया

कल्पना सुंदर आहे आणि टाचेचा खळगा तर अप्रतिम आहे; तरीही मी विरोधी पक्षाचे काम करतो.

पाण्याचा आणि वसाहतीचा खेळ आधी झालेलाच नाही असे नाही. २०२१ पासून उपलब्ध असलेल्या टिम्बरबॉर्नमध्ये बीव्हर प्राणी लाकडी धरणे बांधतात, पाणी खरोखर उतारावरून वाहते आणि ठरावीक काळाने दुष्काळ येऊन नदी कोरडी पडते. पाण्याचे वाहणे पाहावे तर तिथेच. मात्र तिथली सगळी नदी एका खेळाडूच्या मालकीची असते, त्यामुळे ते अभियांत्रिकीचे कोडे राहते. विल राइट यांच्या १९८९ च्या सिमसिटीत तुम्ही महापौर असता आणि सिड मायर यांच्या १९९१ च्या सिव्हिलायझेशनमध्ये सम्राट. नदीकाठी शहर वसवले की लाभ मिळतो, पण त्यामुळे खालच्या शहराचे पाणी तुटले असे होत नाही. तेव्हा तुमच्या गेमची जागा रिकामी आहे, हे मान्य.

माझा आक्षेप वेगळा आहे. तुमचा पाटकरी फार सज्जन आहे. त्याला स्वतःची जमीन नसेल तर लबाडी करण्याचे कारणच नाही, आणि ज्याला लबाडी करावीशी वाटत नाही त्याचा प्रामाणिकपणा हा खेळ होऊ शकत नाही. "आमचे वावर आले तेव्हा दारे बुजवले" या वाक्यात तुमचा अख्खा गेम आहे, आणि तो तुम्ही आठवण म्हणून सांगून पुढे गेलात. तो मोह खेळाडूला झाला पाहिजे, आणि रोज झाला पाहिजे.

---

पांझराकाठ

हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. पाटकऱ्याला धान्यात मोबदला मिळे, म्हणजे सगळ्यांचे पीक आले तर त्याचेही भले. पण स्वतःचे वावर त्या रांगेत असणे ही वेगळी ओढ आहे. त्याला प्रत्येक फडात एक पट्टी देतो, आणि तीही कालव्याच्या तोंडाशी, जिथे पाणी आधी पोचते.

---

मोसमखोरे

मी सटाण्याकडची. दोन-तीन गोष्टी नमूद कराव्याशा वाटतात.

पहिली म्हणजे फडातली जमीन लांबट पट्ट्यांत असते, आणि प्रत्येकाची पट्टी शक्यतो प्रत्येक फडात असावी असा मूळ हेतू आहे. तसे असले तरच एक फड पडीक ठेवला तर सगळ्यांचे सारखेच बुडते, आणि उसाचा फड आला तर सगळ्यांच्याच वाट्याला ऊस येतो. हे गेममध्ये शब्दांत समजावून सांगायची गरज नाही; नकाशा तसा काढला की खेळाडूला आपोआप उमगेल. त्यानंतर वाटण्या सुरू कराव्यात. थोरल्याकडे दोन फडांतल्या पट्ट्या गेल्या, धाकट्याकडे दोन, की "औंदा कुठला फड पडीक" हा साधा प्रश्न भावकीच्या भांडणाचा होतो. आमच्या घरात या एका वाटणीनंतर दोन चुली बारा वर्षे बोलल्या नव्हत्या. तुमच्या मोटरीपेक्षा ही वाटणी फड मोडायला अधिक कारणीभूत ठरेल, असे माझे मत आहे.

दुसरी गोष्ट गाळाची. पूर ओसरला की कालवा गाळाने भरतो आणि तो काढायला घरटी माणूस लागतो. या कामात कोण आला, कोणी गडी पाठवला आणि कोण "पाव्हणे आले होते" म्हणून चुकला, याची नोंद कोणत्याही वहीत नसली तरी गावाच्या लक्षात असते, आणि पुढे पाण्याच्या पाळीला ती बरोबर वर येते. खेळाडूने ती नोंद स्वतःच लक्षात ठेवावी, गेमने ठेवून देऊ नये.

आणि कृपा करून खानदेश म्हणजे भेगाळलेली जमीन असे चित्र काढू नका. फडाचे रान हे बागायत आहे. तिथे हिरवाच रंग जास्त लागेल.

---

ओळीबाहेर

चर्चा उत्तम चालली आहे, म्हणूनच विचारतो: ज्याची एकाही फडात पट्टी नाही, तो तुमच्या पडद्यावर कुठे आहे?

गाव मिळून ठरवते, असे आपण लिहिता तेव्हा त्या गावात जमीनधारकच धरलेले असतात. उसाची तोडणी करणारा, कालव्याचा गाळ पाटीने वाहणारा, रात्रभर राखण करणारा जागल्या, यांचे पाण्यावर नाव नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला, त्यात पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी दिले जाई: दर माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढे आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही त्यात हक्काचा वाटा होता आणि ऊस घ्यायला मनाई होती. म्हणजे न्याय्य वाटपाचा याहून निराळा नियम महाराष्ट्रातच करून पाहिला गेला आहे. फड पद्धतीला सोन्याचा मुलामा देऊन गेम केला तर तो पाहायला सुरेख होईल, पण अर्धाच खरा असेल.

---

अर्धमात्रा

मी याच धंद्यात आहे (मोबाइलवरचे छोटे खेळ, नाव घेण्यासारखे एकही नाही), म्हणून थोडे रुक्ष लिहितो.

पाणी वाहते दाखवणे वाटते तेवढे अवघड नाही. रानाचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाला जमिनीची उंची आणि पाण्याची पातळी द्यायची आणि दर टप्प्याला जास्त पातळीच्या चौकोनाने शेजारच्या कमी पातळीच्या चौकोनाला थोडे पाणी द्यायचे. मुरण्यासाठी प्रत्येक चौकोनात थोडी तूट धरायची. दोनशे गुणिले दोनशे चौकोन आजचा साधा फोनही सहज चालवतो. दारे म्हणजे एका चौकोनाची उंची ढेकळाएवढी वाढवणे.

अवघड आहे ती मराठी. आपण आहिराणीतले संवाद घालणार, आणि ते अक्षरांत दिसले पाहिजेत. गोडो हे गेम बनवायचे मुक्त इंजिन २०१४ पासून सर्वांना खुले आहे. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत देवनागरीची जुळणी होत नसे. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर उमटे आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसत. एका खेळात "शिल्लक" हा शब्द शेवटी चित्र म्हणून रंगवून चिकटवल्याचे मला आठवते. मार्च २०२३ मध्ये चौथी आवृत्ती आली आणि हा त्रास संपला. तेव्हा आपण तिथूनच सुरुवात करावी.

पण त्याआधी माझा आग्रह असा की महिनाभर संगणकाला हात लावू नका. पुठ्ठ्यावर चार फड आखा, पाण्यासाठी चिंचोके घ्या, पावसासाठी कवड्या टाका आणि घरच्यांना खेळायला बसवा. पुठ्ठ्यावर जो डाव रंगत नाही, तो पडद्यावर नुसता चांगला दिसतो. मी स्वतः सात महिने पाण्याच्या लाटा सुंदर करण्यात घालवले आहेत. त्या खेळात करण्यासारखे काहीच नव्हते, हे आठव्या महिन्यात कळले.

---

दूरदेशी

मी गेली काही वर्षे स्पेनमध्ये राहतो. व्हॅलेन्सिया शहरात दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथीड्रलच्या दारात पाण्याचे न्यायालय भरते. कालव्यांवरच्या शेतकऱ्यांनीच निवडून दिलेले पंच काळे झगे घालून अर्धवर्तुळात बसतात, तक्रार तोंडी ऐकतात आणि निवाडा तिथल्या तिथे देतात. युनेस्कोने २००९ मध्ये या परंपरेला वारशाचा दर्जा दिला. मी गेलो त्या गुरुवारी एकही तक्रार नव्हती. एकेका कालव्याचे नाव पुकारले गेले आणि दोन-चार मिनिटांत सगळे उठले. पर्यटक हिरमुसले, मला मात्र तो क्षण फार आवडला. आपल्या गेममध्ये हवालदारासमोर अशी बैठक असावी, आणि ती बहुतेक वेळा रिकामीच जावी.

इंडोनेशियातल्या बाली बेटावर भातशेतीचे पाणी मिळून वाटून घ्यायची 'सुबक' नावाची पद्धत आहे, तिच्यातूनही एक गोष्ट उचलता येईल. मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लॅन्सिंग यांनी तिथल्या भातशेतीचे संगणकीय प्रारूप केले होते. सगळ्यांनी एकाच वेळी शेते रिकामी ठेवली तर किडीला खायला उरत नाही, पण मग पाणीही सगळ्यांना एकाच वेळी लागते. या दोहोंच्या ताणातून शेजारी एकमेकांशी जुळवून घेऊ लागतात, असे त्यात दिसते. किडीची भीती असली की वरच्या गावालाही खालच्या गावाची गरज पडते. आपल्या चार फडांत ही भीती नाही, म्हणून वरच्याला खालच्याची पर्वा का वाटावी, याचे दुसरे काही कारण शोधावे लागेल.

---

पांझराकाठ

अर्धमात्रा यांचा सल्ला मानला आणि रविवारी घरी पहिला डाव झाला. सविस्तर लिहितो, कारण मला त्यातून बरेच कळले.

चार खेळाडू: आई, पत्नी, तेरा वर्षांचा भाचा आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी. प्रत्येकाची प्रत्येक फडात एक पट्टी. चांगल्या पावसाच्या हंगामात एका पाळीला चोवीस चिंचोके. उसाच्या पट्टीला तीन, गव्हाच्या पट्टीला एक, हरभऱ्याच्या फडाला सगळे मिळून दोन आणि चौथा फड पडीक. म्हणजे बारा, चार आणि दोन असे अठरा लागतात आणि सहा सांडमातून खालच्या गावाला जातात. दूरदेशींच्या प्रश्नाचे तात्पुरते उत्तर असे केले की, खालच्या गावाला सलग दोनदा चारपेक्षा कमी चिंचोके गेले, तर पुढच्या पुरात बंधाऱ्याच्या डागडुजीला तिकडून माणसे येत नाहीत आणि बंधारा फुटतो.

चोरीसाठी असे ठरवले: चिंचोक्यांची पिशवी टेबलाखालून प्रत्येकाच्या हातून फिरते आणि शेवटी पाटकऱ्याकडे येते. ज्याला घ्यायचे त्याने घ्यावेत. पिशवी उघडल्यावर तूट दिसते, चोर दिसत नाही.

पहिल्या हंगामात पिशवीत तेवीस निघाले आणि सगळे हसले. दुसऱ्यात सतरा निघाले, तेव्हा हसू थोडे कमी झाले. तिसऱ्यात नऊ. गहू आणि हरभरा भागवून तीन चिंचोके उरले, म्हणजे उसाची एकच पट्टी जगणार होती, आणि ती कोणाची यावर वीस मिनिटे वाद झाला. भाचा म्हणत होता की त्याने एकही घेतला नाही, म्हणून त्याला मिळावेत. शेजारी म्हणाले की असे तर सगळेच म्हणतील. पत्नी, जी पाटकरी होती, तिने शेवटी चिठ्ठी टाकायचे ठरवले. चिठ्ठी तिच्याच नावाची निघाली आणि त्यावर जो गोंधळ झाला त्याने चहा थंड झाला.

दुसऱ्या डावात आईने पाटकरीपण मागून घेतले. ती आजोबांची मुलगी. पण हे सगळे ती आजवर घरात कधी बोललेली मला आठवत नाही. तिने एकच गोष्ट बदलली. पाणी देताना ती शेपटाकडच्या, म्हणजे कालव्यापासून सर्वांत लांबच्या, पट्टीपासून सुरुवात करून माथ्याकडे, कालव्याच्या तोंडाकडे, येऊ लागली, आणि माथ्याची पट्टी तिची स्वतःची होती. म्हणजे तूट आली तर तिचाच ऊस वाळणार, हे प्रत्येकाला पुठ्ठ्यावर दिसत होते. पिशवीत पहिल्या हंगामात बावीस निघाले, दुसऱ्यात एकवीस, तिसऱ्यात तेवीस. नियम तोच होता आणि पिशवी टेबलाखालूनच फिरत होती.

मोटरीचा नियम मात्र फसला. विहीर घेणाऱ्याला दर पाळीला दोन चिंचोके स्वतःचे मिळतात असे ठेवले होते, तेव्हा चौथ्या हंगामात चौघांनी विहिरी घेतल्या आणि पिशवी फिरवायचे कारणच उरले नाही. खऱ्या आयुष्यातही असेच झाले, असे म्हणता येईल. पण खेळ म्हणून तो तिथेच संपला.

---

मोसमखोरे

विहिरीला पाणी येते कुठून? कालवा आणि चाऱ्या वाहत्या असतात तेव्हा पाझराने विहिरी भरतात. कालवा बंद पडला की पुढच्या उन्हाळ्यात विहिरीत खडक दिसतो. तेव्हा विहिरीचे चिंचोके हे गेल्या हंगामात कालव्यातून किती गेले त्यावर ठरवा. चौदाच्या खाली कालवा गेला तर विहीर एक देईल, आठच्या खाली गेला तर काहीच नाही. एक वर्ष सगळ्यांना मोटरीचे सुख मिळू द्या, हिशेब दुसऱ्या वर्षी होईल.

---

खेळिया

मी माझा आक्षेप मागे घेतो. पिशवी हाच गेम आहे. आता पडद्यावर नेताना एकच अडचण: संगणकाने चालवलेल्या गावकऱ्याने दोन चिंचोके चोरले तर मला राग येत नाही, शेजाऱ्याने चोरले तर येतो. त्यामुळे हा एकट्याने खेळायचा गेम नसावा. चार फोन, एक गाव, आणि पाळी दिवसातून एकदाच. रात्री प्रत्येकाने आपल्या फोनवर पाच मिनिटे दारे धरावीत आणि सकाळी गावाला तूट दिसावी.

---

ओळीबाहेर

माझ्या प्रश्नाचे उत्तर अजून मिळालेले नाही, म्हणून मीच एक सुचवतो. पाचवा खेळाडू घ्या. त्याची एकही पट्टी नाही, तो जागल्या. पिशवी फिरत असताना दर पाळीला कोणत्याही एका खेळाडूच्या हाताकडे तो टेबलाखाली पाहू शकतो. पाहिलेले सांगायचे, दाबून ठेवायचे की त्या बदल्यात धान्य मागायचे, हे त्याच्यावर. आणि बैठकीत त्याने पाणी पंचायतीचा नियम मांडला, तर तो मंजूर व्हायला उरलेल्या चौघांपैकी तिघांचा होकार लागावा. बघू, किती हंगामांनी त्याला तो मिळतो.

---

पांझराकाठ

हा नियम आणि मोसमखोरे यांचा विहिरीचा नियम, दोन्ही येत्या रविवारी लावून पाहतो. पाचव्या खेळाडूसाठी भाच्याच्या मित्राला बोलावले होते. पण काल रात्री जेवताना आईला हा जागल्याचा नियम वाचून दाखवला, तर तिने या वेळी पाटकरी व्हायला नकार दिला. तिला जागल्या व्हायचे आहे.